साप पकडून नेला, पण वाट उघडीच राहिली! पावसाळ्यात घरात साप का शिरतात आणि ते थांबवायचं कसं?

जून उजाडतो, दोन-चार मोठे पाऊस पडतात आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच.

कुणाच्या तरी पडवीत, चपलांच्या ढिगामागे साप बसलेला असतो. घरातली माणसं अंगणात उभी. पोरं मोबाईल काढून तयार. तेवढ्यात सर्पमित्र गाडीवरून येतो, स्टिकनं साप उचलतो, बरणीत घालतो आणि निघून जातो. ग्रुपवर टाळ्यांचे आणि हात जोडल्याचे इमोजी पडतात. विषय संपतो.

पण बऱ्याचदा पंधरा दिवसांनी त्याच घरातून पुन्हा फोन जातो. या वेळी साप मोरीत असतो.

मग गावात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, जोडीदार शोधत आला. कुणी म्हणतं, डूख धरला. खरं कारण त्यापेक्षा बरंच साधं असतं. साप गेला, पण तो ज्या वाटेनं आत आला ती वाट उघडीच आहे. आणि तो ज्याच्यासाठी आला, तो उंदीर अजून धान्याच्या पोत्यामागे कुरतडत बसलाय.

हा विषय फक्त भीतीचा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख लोक गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आहेत आणि त्यातली बरीच माणसं दवाखान्यात नाही, तर घरीच गेली.

म्हणून प्रश्न 'साप कसा पकडायचा' एवढाच नाही. साप घरात येऊच नये म्हणून काय करायचं, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

साप घरात येतो तरी कशासाठी?

तीन गोष्टींसाठी. खाणं, लपायला जागा आणि कोरडी जमीन.

पहिलं खाणं. नाग, घोणस, धामण हे साप उंदरांवर जगतात. ज्या घरात धान्य उघड्या पोत्यात आहे, तिथे उंदीर आहेत. जिथे उंदीर आहेत, तिथे आज ना उद्या साप चौकशीला येणार. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत वितेे आणि एका वेळी पाच-सहा, कधी त्याहून जास्त पिल्लं देते. म्हणजे एका हंगामात घरात सापाच्या जेवणाची कायमची सोय होऊ शकते.

अंगणातला दिवासुद्धा यात हातभार लावतो. दिव्याखाली किडे जमतात. किड्यांसाठी बेडूक आणि पाली येतात. त्यांच्यामागे साप येतो. दारावरचा पांढरा झगझगीत बल्ब म्हणजे या सगळ्यांसाठी लावलेली पाटीच.

दुसरी लपायची जागा. साप स्वतः बीळ खोदत नाही. तो उंदराच्या, घुशीच्या बिळात किंवा वारुळात राहतो. घराशेजारी विटांचा ढीग, जुन्या कौलांची चळत, गोवऱ्या, सरपण यातलं काहीही असलं तरी त्याला चालतं.

तिसरी कोरडी जमीन. पावसात बिळांमध्ये पाणी शिरतं. आतला साप बाहेर पडतो आणि उंचावरची कोरडी जागा शोधतो. गावात अशी सगळ्यात सोयीची जागा म्हणजे आपलं घर.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. उन्हाळ्यात घातलेल्या नागाच्या अंड्यांतून साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. घोणस तर अंडी न घालता थेट पिल्लंच देते आणि तिचाही हंगाम पावसाळ्याच्या आसपासचा. त्यामुळे या दिवसांत लहान साप जास्त दिसतात. आणि विषारी सापाचं पिल्लू जन्मापासूनच विषारी असतं. 'एवढंसं तर आहे' म्हणून हात लावायचा नाही.

दिसलेला प्रत्येक साप विषारी असतो का?

नाही. घरात सापडणाऱ्या सापांमध्ये धामण, तस्कर, कवड्या, दिवड हे बिनविषारी साप भरपूर असतात.

महाराष्ट्रात माणसांचा जीव घेणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशावरचं औषध, म्हणजे प्रतिसर्पविष, याच चार सापांच्या विषावर चालतं.

नाग फणा काढतो, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. घोणस जाडजूड असते, अंगावर साखळीसारखे ठिपके असतात आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. फुरसं आकारानं लहान असतं. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या भागात ते बरंच आढळतं. चिडलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं.

घरासाठी सगळ्यात धोकादायक मात्र मण्यार. ती रात्री फिरते. दुसरे साप, पाली, उंदीर शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात सापडते. तिचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही नीट दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास घ्यायला त्रास होतो. घरच्यांना वाटतं पित्त झालं असेल. यातच महत्त्वाचे तास निघून जातात.

बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांच्यात भलेभले फसतात. दोघांच्याही गडद अंगावर पांढरट पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं साधारण उलट असतं. पण ही माहिती लांबून फोटो बघताना वापरायची, साप हातात घेताना नाही. ओळख पटत नसेल तर साप विषारी आहे असंच धरून चालायचं.

आत्ता, या क्षणी घरात साप दिसला तर?

पहिली गोष्ट, थांबा. सापाला पळायचं असतं, लढायचं नसतं. तुम्ही सहा-सात फूट लांब असाल तर तो उडी मारून चावायला येत नाही.

लहान मुलं, म्हातारी माणसं, कुत्रा-मांजर यांना बाहेर काढा. एका माणसानं लांबून सापावर नजर ठेवा. हे काम सगळ्यात महत्त्वाचं. सर्पमित्र येईपर्यंत साप कुठे गेला हेच कळलं नाही, तर सगळं घर उपसावं लागतं आणि त्या रात्री कुणाला झोप लागत नाही.

घराच्या आतल्या बाजूचं दार बंद करा आणि खालच्या फटीत जुनं कापड कोंबा. बाहेरचं दार मात्र उघडं ठेवा. गोंधळ थांबला की बऱ्याच वेळा साप आपणच निघून जातो.

मग फोन करा. महाराष्ट्र वन विभागाचा हेल्पलाईन नंबर १९२६ आहे. आपल्या भागातल्या भरवशाच्या सर्पमित्राचा आणि वनरक्षकाचा नंबर पावसाळ्याआधीच सेव्ह करून ठेवा. रात्री अकरा वाजता साप समोर असताना ग्रुपवर 'कुणाकडे नंबर आहे का' विचारत बसणं परवडत नाही.

काय करायचं नाही, ते पण बघू. काठीनं डिवचायचं नाही. रॉकेल किंवा गरम पाणी ओतायचं नाही. बिळात धूर करायचा नाही, कारण गवताच्या आणि लाकडाच्या घरात सापापेक्षा आगीचा धोका मोठा. आणि मोबाईल घेऊन जवळ जायचं नाही. फोटो काढायचाच असेल तर लांबून झूम करून काढा.

सर्पमित्र कसा ओळखायचा, हेही माहीत असलेलं बरं. जो हुक आणि पिशवी किंवा पाईप वापरतो, गर्दी मागे सरकवतो, साप पटकन बंद करतो आणि वन विभागाला कळवतो, तो कामाचा. जो नाग गळ्यात घालतो, फण्याचा मुका घेतो आणि पोरांच्या हातात शेपटी देतो, त्याला घरी बोलवू नका. असे खेळ करताना साप पकडणाऱ्यांचेच जीव गेलेले आहेत.

मारला तर काय होतं?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. या कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ फक्त बंदुकीनं मारणं एवढाच नाही. पकडणं, सापळा लावणं, विष घालणं, तसा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच येतं. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणंसुद्धा.

२०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. पहिल्या परिशिष्टातला प्राणी मारला तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंगवासाची तरतूद आहे.

मग साप अंगावर आला तर काय, असा प्रश्न पडेल. कायद्यात त्याचंही उत्तर आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, चांगल्या हेतूनं प्राणी मारला गेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा ठरत नाही. पण बाहेर निघून चाललेल्या धामणीला दहा जणांनी घेरून मारणं म्हणजे स्वसंरक्षण नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार बघा. काठी घेऊन जवळ जाणारा माणूसच सगळ्यात आधी सापाच्या टप्प्यात येतो. शिवाय धामण मारली की तिनं खाल्ले असते ते उंदीर तसेच राहतात. त्या उंदरांमागे उद्या नाग किंवा घोणस येऊ शकते.

पकडून लांब जंगलात सोडला की झालं?

लोकांना हा सगळ्यात चांगला उपाय वाटतो. पण यात दोन अडचणी आहेत.

पहिली सापाची. सापाला आपला इलाखा माहीत असतो. कुठे बीळ, कुठे पाणी, कुठे भक्ष्य, हे त्याला ठाऊक असतं. अनोळखी जागी सोडलेला साप भटकत राहतो. पश्चिम घाटात किंग कोब्रांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून केलेल्या अभ्यासात, दुसरीकडे नेऊन सोडलेला साप त्याच भागात राहणाऱ्या सापापेक्षा जास्त भटकताना दिसला. आणि भटकणारा साप पुन्हा कुणाच्या तरी घराजवळ सापडण्याची शक्यता वाढते.

दुसरी अडचण आपली. साप नेला म्हणून जागा रिकामी होते, पण सोयी तशाच राहतात. उंदीर आहे, बीळ आहे, दाराखालची फट आहे. दुसऱ्या सापाला एवढं पुरेसं आहे.

मग वाट बंद करायची कशी?

यासाठी फार पैसे लागत नाहीत. एक सुट्टीचा दिवस आणि दोन माणसं लागतात. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आधी जेवण बंद, मग लपायच्या जागा आणि शेवटी वाटा.

१. जेवण बंद करा

धान्य उघड्या पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा. कोंबड्यांचं खाद्य, पेंड, कुत्र्याचं उरलेलं अन्न रात्रभर बाहेर ठेवू नका.

उंदरांसाठी आधी पिंजरा लावा, विष शेवटी. विष खाल्लेला उंदीर भिंतीत जाऊन मरतो, घरभर वास सुटतो. तोच उंदीर मांजरानं किंवा गव्हाणी घुबडानं खाल्ला तर तेही दगावू शकतं. म्हणजे जे फुकटात उंदीर मारत होतं, तेच आपण मारून टाकतो. लहान मुलांच्या हाताला विषाची गोळी लागण्याचा धोका वेगळाच.

उंदीर कमी झाले तर आणखी एक फायदा आहे. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणात दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. त्याचाही धोका कमी होतो.

२. लपायच्या जागा हलवा

सरपण, गोवऱ्या, विटा, कौलं भिंतीला टेकवून रचू नका. शक्य तेवढं लांब न्या. सरपण जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर ठेवा, म्हणजे खालून उजेड आणि वारा खेळतो आणि सापाला आडोसा मिळत नाही. भिंतीलगतचं गवत कापून हात-दोन हात मोकळी पट्टी ठेवा.

इथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवी. पहाटे अंधारात सरपणात पहिला हात घालतं कोण? बहुतेक घरांत बाईच. त्यामुळे हात घालण्याआधी काठीनं ढीग हलवायचा आणि टॉर्च लावायची, ही सवय घराची व्हायला हवी. फक्त तिनं काळजी घ्यावी, असं म्हणून भागणार नाही. ढीग लांब नेणं आणि मांडणी करणं हे बाकीच्यांचं काम.

३. वाटा शोधा

उंदराचं लहान पिल्लू किंवा घरातला छोटा उंदीर पेन्सिलीएवढ्या, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरच्या भोकातून आत येतो. मोठ्या उंदराला साधारण १२ मिलिमीटर पुरतात. आणि जिथून उंदीर जातो तिथून सापही जाऊ शकतो.

भोकं शोधायची एक सोपी युक्ती आहे. रात्री घरातले सगळे दिवे लावा, बाहेरचे बंद करा आणि टॉर्च घेऊन बाहेरून घराभोवती फेरी मारा. दाराखालून, चौकटीच्या कडेनं, भिंत आणि छपराच्या मधून जिथे जिथे उजेडाची रेघ दिसते, तिथे तिथे खडूनं खूण करा. तुमच्या घराच्या सगळ्या वाटा एका फेरीत सापडतील.

मग एकेक बंद करा.

दाराखालची फट लाकडी पट्टी किंवा रबरी पट्टी ठोकून बुजवा. मोरीचा आणि सांडपाण्याचा पाईप ही सापांची आवडती वाट आहे. त्याच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवा आणि ती अधूनमधून साफ करा, नाहीतर पाणी तुंबतं म्हणून घरचेच ती काढून टाकतात. खिडक्यांना आणि झरोक्यांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी लावा. वायर किंवा पाईप भिंतीतून जातो तिथली पोकळी सिमेंटनं भरा.

मातीच्या भिंतीतलं भोक नुसत्या मातीनं लिंपलं तर उंदीर ते दोन रात्रींत पुन्हा उकरतो. आत खडी ठासून मग वरून लिंपा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बीळ बुजवण्याआधी ते रिकामं आहे का, हे बघा. संध्याकाळी तोंडाशी राख किंवा पीठ पसरा. सकाळी त्यावर खुणा असतील तर बीळ वापरात आहे. जिवंत बीळ बुजवलं तर आतला प्राणी दुसरीकडून वाट काढतो, आणि ती वाट घराच्या आत निघू शकते. बिळात साप असल्याची शंका असेल तर आधी सर्पमित्राला दाखवा.

कोंबड्यांच्या खुराड्यालाही बारीक लोखंडी जाळीच लावा. मासेमारीच्या जुन्या नायलॉन जाळ्यात साप अडकतो, तडफडतो आणि सकाळी सोडवायला जाणाऱ्याला चावू शकतो.

४. झोपायची जागा सांभाळा

एवढं करूनही एखादी फट राहतेच. म्हणून शेवटची भिंत म्हणजे मच्छरदाणी. पावसाळ्यात शक्यतो खाटेवर झोपा. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेपाळमधल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचं आढळलं होतं. खाट नसेल तर जमिनीवर झोपणाऱ्यांनीही मच्छरदाणी वापरावीच. मण्यारीपासून आजीला वाचवायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

कार्बोलिक, लसूण, सापाला पळवणारी झाडं... यांचं काय?

बाजारात आणि रीलमध्ये हे उपाय भरपूर आहेत. साप यांमुळे घरात येत नाही, असा भरवसा ठेवता येत नाही.

कार्बोलिक अ‍ॅसिड, म्हणजे फिनॉल, कातडी जाळतं. अंगणात खेळणाऱ्या मुलांसाठी आणि जनावरांसाठी ते धोक्याचं आहे. वास दोन पावसांत धुऊन जातो आणि उंदीर तसाच राहतो. लसूण-कांद्याचं पाणी, डांबरगोळ्या, दारात लावलेली झाडं यांचंही तेच. खरा तोटा वेगळा आहे. पावडर टाकली की माणूस निश्चिंत होतो आणि दाराखालची फट बुजवायची राहून जाते.

साप नाही, पण माळ्यावर रात्री धपधप आवाज येतो?

तो बहुतेक वेळा उदमांजराचा असतो. कौलारू घराचा माळा त्याला फार आवडतो. शांत, अंधारा आणि फळझाडांच्या जवळ. वटवाघळांच्या छोट्या जातीही कौलांखाली राहतात.

नियम तोच. हाकलण्याआधी वाट बघा. संध्याकाळी अंगणात बसून प्राणी कुठून बाहेर पडतो ते शोधा. घरावर टेकलेल्या फांद्या छाटा. तो बाहेर गेल्याची खात्री झाली की मग जाळी बसवा.

फक्त एक काळजी घ्या. आत पिल्लं आहेत का, ते आधी पाहा. आई बाहेर आणि पिल्लं आत राहिली, तर आई आत यायला कौलं उचकटते आणि पिल्लं आत मरतात. वटवाघळांची पिल्लं उडायला लागेपर्यंत काही आठवडे थांबावं लागतं. घाई असेल तर १९२६ वर विचारा.

वानर-माकडांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना भोक लागत नाही, ती कौलंच सरकवतात. तिथे फट बुजवून भागत नाही, पण मूळ मुद्दा बदलत नाही. अंगणात वाळवण राखणीशिवाय ठेवलं, कुणी कौतुकानं केळी-बिस्किटं दिली, की टोळी रोज येते. एका घरानं खायला घालायचं आणि शेजाऱ्यानं फटाके वाजवायचे, यातून काही होत नाही. खायला घालायचं नाही, हे गावानं मिळून ठरवावं लागतं.

आणि चावलाच तर?

इथे प्रत्येक मिनिट मोजायचं आहे.

माणसाला धीर द्या आणि हलू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळीनं नाहीतर काठीनं आधार देऊन स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढा, कारण नंतर सूज येते. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागत असेल तर मिळेल ती गाडी घ्या.

जखम कापायची नाही. तोंडानं विष ओढायचं नाही. दोरीनं आवळून बांधायचं नाही. बर्फ, पाला, मिरची, काही लावायचं नाही. साप पकडून दवाखान्यात न्यायचा नाही.

भगताकडे किंवा मंत्र घालणाऱ्याकडे न जाता थेट सरकारी रुग्णालय गाठा. निघतानाच फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध आहे का विचारा, म्हणजे चुकीच्या ठिकाणी जाऊन वेळ जाणार नाही. बिनविषारी साप चावलेला माणूस मंत्रानंतर बरा होतो, म्हणून मंत्राचं नाव होतं. तो तसाही बरा झाला असता. मण्यार चावलेल्या माणसाला मात्र ती दोन तासांची चूक महागात पडते.

यातला एक व्यवहाराचा भागही आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबातल्या व्यक्तीचा सर्पदंशानं मृत्यू झाला तर २ लाख रुपयांची मदत आहे. पण त्यासाठी कागद लागतात. माणूस दवाखान्यात नेलाच नाही, तर मृत्यू कशानं झाला हे सिद्ध करणंही अवघड होतं.

सरकारी पातळीवर गोष्टी हलायला लागल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, हे त्याचं उद्दिष्ट आहे.

पण आराखडा दिल्लीतून येतो आणि साप दाराखालून.

मग या रविवारी काय करायचं?

पुढच्या वेळी ग्रुपवर साप पकडल्याचा व्हिडिओ आला, की इमोजी जरूर टाका. सर्पमित्र जिवावर उदार होऊन काम करतात. पण त्याखाली एक प्रश्नही विचारा. साप आत आला कुठून?

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला टॉर्च, खडू, वीतभर जाळी आणि घमेलंभर खडी-सिमेंट पुरतं. साप गावातून जाणार नाहीत. जायलाही नकोत, कारण शेतातल्या उंदरांचा हिशोब तेच ठेवतात. त्यांनी शेतात राहावं आणि आपण घरात, एवढीच व्यवस्था करायची आहे.

आणि ती सर्पमित्र करून देत नाही. ती घरच्यांनाच करावी लागते.